गुरुवारचा पिक्चर

खोली मागायला गेलो तेव्हा मालकांनी मला ना गाव विचारलं, ना जात, ना पगार. ओट्यावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात सिनेमाचं साप्ताहिक पसरलेलं आणि त्यावर शेंगांची टरफलं. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाले, "यंदाची भावली कुणाला मिळाया पायजे हुती?"

मी गावाकडून ट्रंक घेऊन कासारवाडी स्टेशनावर नुकताच उतरलेला माणूस. मला वाटलं, घरात लहान मुली असतील, भांडण लागलं असेल. मी आपला न्याय केला. म्हणालो, "धाकटीला द्या."

मालक विचारात पडले. शेंग फोडायची राहिली. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "धाकटी म्हंजी हिरॉइनची भन? तिला तर नॉमिनेशन बी न्हाई! पन राव, बराबर बोललात. आख्ख्या पिक्चरात ॲक्टिंग केली ती तिनंच. ट्रंक आत ठेवा."

अशी मला खोली मिळाली. भावली म्हणजे दरवर्षी मुंबईला सिनेमावाल्यांना वाटतात ती बक्षिसाची मूर्ती, हे मला दोन दिवसांनी कळलं. आणि ती धाकटी कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढची सात-आठ वर्षं मी तिची बाजू मात्र जोरात लढवली.

मालकांच्या खोल्या रेल्वे रुळाला लागून होत्या. पत्र्याच्या, एका ओळीत, पुढे लांबलचक ओटा. गाडी आली की बोलणाऱ्याने तोंड उघडं ठेवून थांबायचं आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं, असा तिथला रिवाज. नव्या माणसाला वाटायचं, या सगळ्यांना एकदम झटका येतो. भाडेकरू सगळे कारखान्यांतले. मी एका कंपनीत इन्स्पेक्शनला. शेजारच्या खोलीत सावंत, कोकणातला, टूलरूममध्ये. त्याच्या मोजमापात एक सूत इकडचं तिकडे खपत नसे, आणि वादातही. टोकाच्या खोलीत रफिकभाई, सगळ्यांत जुने भाडेकरू, भोसरीत स्कूटरचं गॅरेज चालवायचे. कंपनीत नसूनही त्यांनी आमच्यासाठी गॅरेजची सुट्टी गुरुवारी ठेवली होती.

कारण आमचा रविवार गुरुवारी यायचा. वीज पुरत नाही म्हणून सरकारने प्रत्येक भागाला सुट्टीचे वार वाटून दिले होते, त्यात आमच्या पट्ट्याला गुरुवार आला. जग रविवारी डोक्याला तेल लावून बसायचं तेव्हा आम्ही डबा घेऊन पहिल्या शिफ्टला. आणि नवा सिनेमा लागायचा शुक्रवारी. म्हणजे आम्हाला जो सिनेमा दिसायचा, तो त्याच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या खेळाला. बाहेर माणूस शिडी लावून पुढच्या सिनेमाचं पोस्टर चिकटवत असायचा आणि आम्ही आत शिरायचो. मालक म्हणायचे, "लोकं पिक्चरच्या बारशाला जात्यात. आपुन तेराव्याला."

मालकांना स्वतःला नोकरी ना धंदा, दोन म्हशी आणि या खोल्या. ते कुठल्याही वारी जाऊ शकले असते. पण ते आमच्याबरोबर गुरुवारीच यायचे. "एकट्यानं पिक्चर बघनं म्हंजी एकट्यानं भांडनं," असं त्यांचं मत. सिनेमा संपला की तडक ओट्यावर. मालकीणबाई आतून चहा पाठवायच्या, आणि भांडण सुरू.

आता या भांडणांत एक मोठा घोळ असायचा, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात येत नव्हता. सावंत अधूनमधून रजा टाकून पुण्याला जायचा आणि तोच सिनेमा तिथे आधी बघून यायचा; मग गुरुवारी आमच्याबरोबर टॉकीजला न येता थेट ओट्यावर. मग ओट्यावर हे असं चालायचं :

"मालक, थोरला भाऊ मरतो तो सीन कसा वाटला?"

"कोन मेला?"

"थोरला! पुलावरून पडून!"

"न्हाई ओ. कुठं मरतुया? तो पुलाकडं जातो आन् मंग दिसतच न्हाई. डायरेक्टरनं त्याला सोडून दिला. जा बाबा, म्हनला, तुजं तू बघ. मोठ्या मनाचा मानूस."

"अहो, त्याच्या चितेपाशी पुरं गाणं आहे!"

"सावंत, पुण्यात तुमी झोपला हुता. चितेचं सपान पडलं तुमाला."

मग सावंत माझ्याकडे बघायचा. मी मालकांच्या शेजारीच बसलेला असायचो, मलाही चिता दिसलेली नसायची. रफिकभाईंना नाही, कोणालाच नाही. एकटा सावंत चितेची शपथ घेत उभा. शेवटी त्याचा स्वतःवरचा विश्वास उडायचा आणि तो बशीतला चहा फुंकायचा. एकदा एका सिनेमात मध्यंतरानंतर नायक अचानक लंगडू लागला. का, ते शेवटपर्यंत नाही. मालक त्यावर दोन गुरुवार बोलले. "लागलं असंल कुठं. मानसाला लागतं. सगळ्यांना सांगत फिरतो का आपुन?" असं ते म्हणाले की आम्हाला त्या सिनेमात फार काहीतरी आहे असं वाटू लागायचं. बक्षीस मिळालेले सिनेमे त्यांना आवडायचे नाहीत. "त्यात समदं सांगत्यात," म्हणायचे. "जिथं न्हाई सांगितलं, तिथं पिक्चर असतो."

मुंबईची बक्षिसं जाहीर झाली की पुढच्या गुरुवारी ओट्यावर मालकांची बक्षिसं व्हायची. आमची भावली म्हणजे एक पितळी फुलपात्र, चिंचेने घासून लख्ख केलेलं. ज्या सिनेमाला ते मिळेल, त्याची बाजू मांडणाऱ्याने त्यातून चहा प्यायचा. प्रत्येकाने आपापला वाया गेलेला सिनेमा आणायचा. नॉमिनेशनमध्ये न आलेला, आठवडाभरात उतरलेला, कोणी न पाहिलेला. रफिकभाईंचा एक डाकूचा सिनेमा होता, सावंतचा एक नावाड्याचा, माझी ती धाकटी. तास-दीड तास रणधुमाळी. आणि शेवटी मालक फुलपात्र स्वतःकडे ओढून म्हणायचे, "समदं खरं. पन आपल्या पिक्चरापुढं काय बी न्हाई." दरवर्षी. आणि स्वतःच चहा प्यायचे.

हा 'आपला पिक्चर' मालकांनी एकट्याने पाहिलेला एकमेव. ओट्यावरच्या दुसऱ्या कोणीच तो पाहिलेला नव्हता. सावंतला तर तो अस्तित्वात आहे याचीच शंका होती. पण गोष्ट आम्हाला पाठ होती, कारण मालक ती उभे राहून सांगायचे, सगळी कामं स्वतः करून. नवरा-बायको असतात. गोडीगुलाबी, गाणी, मग कुरबुरी. एका सकाळी बायको पिशवी घेते आणि दाराबाहेर पडते. इथे मालक खांद्यावरचं उपरणं पिशवीसारखं धरून ओट्याच्या टोकापर्यंत जायचे. वळायचे. तोच माणूस, पण चेहरा निराळा.

"मंग लगीच दार वाजतं. ह्यो दार उघडतो. केस पिकल्यात त्याचं. दारात ती. हातात तीच पिशवी. ह्यो बघतो. ती बघती. आन् ह्यो म्हनतो..." इथे मालक थांबायचे. गाडी नसली तरी थांबायचे. "'चहा टाकतो.' बस! कुठं हुतीस न्हाई, का गेलतीस न्हाई. चहा टाकतो. आरं, ह्याला भावली न्हाई द्याची तर काय खुळखुळा द्याचा?"

पहिल्या वर्षी मी हसलो होतो. रफिकभाईंनी माझा दंड धरला आणि नंतर बाजूला नेऊन सांगितलं. "देखो भाई, त्या गोष्टीवर हसायचं नाही. मालकीणबाई गेल्या होत्या एकदा. दिवाळीला गेल्या, होळी आली तरी पत्ता नाही. कुठे, कोणाकडे, अल्ला जाने. माहेरी नव्हत्या, एवढं खरं. लोक काय वाट्टेल ते बोलायचे. हा माणूस येड्यासारखा रुळावरून चालत फिरायचा. तशात एका गुरुवारी टॉकीजमध्ये जाऊन बसला. त्यानंतर आठवड्याभरात वहिनी आल्या. मी इथेच कार्ब्युरेटर खोलून बसलो होतो. समोर बघितलं तर दारात उभ्या. हातात पिशवी. मी म्हटलं, आता इथे खून होणार. आणि मालक म्हणाले..."

"चहा टाकतो," मी म्हणालो.

"त्यांना चहा येतसुद्धा नाही, भाई. साखरेऐवजी मीठ टाकलं. दोघांनी प्याला."

आणि पुढे कधी विचारलं नाही? रफिकभाईंनी कानाला हात लावला. त्या घरात तो प्रश्न पुन्हा निघालाच नाही. मालकीणबाई फारशा बोलायच्या नाहीत. चहा पाठवायच्या. पण दरवर्षी 'आपला पिक्चर' सुरू झाला की आतली भांडी वाजायची थांबत. मला आधी वाटायचं, मालक आमच्याशी भांडतात. पुढे पुढे वाटू लागलं, आम्ही मधले, ते आमच्या डोक्यावरून आत बोलताहेत.

अशातच आमच्या कंपनीच्या करमणूक मंडळाने एका गुरुवारी सकाळी कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी सगळी टॉकीजच घ्यायचं ठरवलं. कोणता सिनेमा, हे सुचवायचं काम माझ्याकडे. मला ताबडतोब युक्ती सुचली. मालकांचा सिनेमा आणायचा! सावंतची शंका फिटेल, मालकांना बक्षीस दिल्यासारखं होईल. पुण्याच्या वितरकाकडे जाऊन मी नाव सांगितलं तर त्याने मला दोनदा विचारलं, "नक्की हाच?" रिळांच्या पेट्यांवरची धूळ त्याने माझ्याच अंगावर झटकली.

मालकांना सांगितलं तेव्हा ते उठून म्हशीकडे गेले. तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे. परत आले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "अगं ए, गुरवारी आपल्याला पिक्चरला जायाचंय." मालकीणबाई टॉकीजमध्ये कधीच आलेल्या नव्हत्या.

त्या गुरुवारी मालक धुतलेला फेटा बांधून आले, मालकीणबाई हिरव्या लुगड्यात. मालकांनी त्यांना मधल्या रांगेत बसवलं, पदराला खुर्चीचा खिळा लागू नये म्हणून आधी हात फिरवून बघितला. मी खूश होऊन वर ऑपरेटरच्या केबिनमध्ये गेलो. वीस वर्षं तोच ऑपरेटर. डब्यांवरची झाकणं काढत होता.

"लई वर्सांनी पुरा दाखवतोय ह्यो," तो म्हणाला.

"पुरा म्हणजे?"

"गुरवारी आमी कुठं पुरा दाखवतो? शेवटचा खेळ सुटला की रातच्या गाडीनं पेट्या लोणावळ्याला धाडायच्या असत्यात. पुरा लावला तर गाडी चुकती. मंग इंटरवलनंतरचं एखादं रीळ गाळायचं. रडारडीचं. पब्लिकला काय कळतंय?"

माझ्या डोळ्यांसमोरून थोरल्या भावाची चिता गेली. लंगडणारा नायक गेला. बिचारा सावंत गेला! कित्येक वर्षांचे आमचे वाद, मालकांच्या सगळ्या थोर गोष्टी, 'जिथं न्हाई सांगितलं तिथं पिक्चर' : सगळं लोणावळ्याच्या गाडीचं वेळापत्रक! मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

"या पिक्चरचं कुठलं रीळ गाळायचा?"

"ते न्हाई का, ती घर सोडती त्याच्या म्होरलं. ह्यो तिला हुडकत जातो, लई शिव्या घालतो. कुठं हुतीस, कुनाबरुबर हुतीस. मंग डाक्टर येतो, साक्ष देतो, का बाई आजारी भावापाशी हुती, निर्मळ हाय. तवा ह्याचं समाधान हुतं. मंग लई वर्सांनी, भाऊ बरा झाल्यावर, म्होरल्या रिळात ती घरी येती."

म्हणजे 'चहा टाकतो' हे वाक्य चौकशी पूर्ण झाल्यावरचं होतं. दाखला मिळाल्यावरचा चहा. आणि मालकांनी एवढ्या वर्षांत जो प्रश्न विचारला नव्हता, तो आता पडद्यावर हत्तीएवढ्या तोंडाने विचारला जाणार होता, आणि शेजारी हिरव्या लुगड्यात मालकीणबाई.

मी ऑपरेटरला विनवलं, "ते रीळ आजही गाळ." तो दुखावला. "आज गाडी न्हाई गाठायची. आन् साहेब लोक बसल्यात खाली. कदी नव्हं ते कुनी पुरा पिक्चर मागवला, आन् त्यो बी तुमीच!" रफिकभाईंना खेचत वर आणलं. त्यांनी हिंदीतून प्रयत्न केला. ऑपरेटरने दिवे घालवून आम्हाला बाहेर काढलं.

मध्यंतरात मी मालकांना गाठलं. ते बायकोसाठी भजी घेत होते. "मालक," मी म्हणालो, "पुढचं तसं काही खास नाही म्हणतात. वहिनींना ऊन लागेल, निघायचं का?"

"काय बोलताय राव!" मालकांचा चेहरा लग्नातल्यासारखा. "आता तर येतंय की! दार, पिशवी..." आणि भज्यांचा पुडा घेऊन आत गेले.

मी आणि रफिकभाई त्यांच्या मागच्याच रांगेत बसलो. सावंत आमच्या शेजारी. पडद्यावर बायकोने पिशवी घेतली. दाराबाहेर पडली. मालकांनी मालकीणबाईंच्या हाताला हळूच कोपर लावलं : आता बघ.

आणि दार वाजलं नाही. वादळ आलं. नवरा रस्त्यारस्त्यातून धावत सुटला, केस काळेभोर. एका खोलीत त्याने तिला गाठली आणि गरजला, "कुठे होतीस? कोणाबरोबर होतीस? बोल!" त्या टॉकीजचा कर्णा फाटका होता, त्यामुळे ते 'बोल' भिंतींवर आपटून परत परत येत राहिलं.

मला पुढच्या रांगेतले दोन खांदे दिसत होते. फेट्याचा शेमला हलत नव्हता. मालकीणबाईंची मान खाली जात चालली होती. रफिकभाई काहीतरी पुटपुटत होते, बहुधा दुवा.

मालक उभे राहिले. मागे केबिनकडे वळले. प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या फेट्यावर पडला आणि पडद्यावरच्या नवऱ्याच्या तोंडावर फेट्याची सावली.

"ओ ऑपरेटर! रीळ बदललंय! हे दुसऱ्या पिक्चरचं हाय!"

टॉकीजभर हशा. शिट्ट्या. "खाली बसा, पाटील!" सावंतला राहवलं नाही. त्याच्या मोजमापाच्या स्वभावाला हे सहन होईना. "मालक, अहो नट तेच आहेत!"

"नट एकच असतोय राव! पिक्चर दुसरा हाय! आपल्या पिक्चरात ह्यो असलं इचारीत न्हाई!"

पुन्हा हशा. मालक उभेच. आवाज आता पहिल्यासारखा नव्हता. "इचारीत न्हाई तो," ते म्हणाले, कोणाला ते कळलं नाही.

तेव्हा मालकीणबाई उठल्या. इतक्या वर्षांत ओट्यावर ज्यांचा आवाज आम्ही धडपणे ऐकला नव्हता, त्या पदर डोक्यावर घेऊन भर टॉकीजमध्ये सावंतकडे वळल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच पिक्चरचं हाय ते. आमच्याकडं असं न्हवतं."

आणि मालकांच्या कोपराला धरून त्यांना खाली बसवलं. सावंतने तोंड उघडलं आणि, गाडी आल्यासारखं, तसंच ठेवलं. डॉक्टर आला, साक्ष देऊन गेला. त्याच्याकडे त्या दोघांपैकी कोणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मालकीणबाई भजी खात होत्या, एक स्वतःला, एक मालकांना. मग दार वाजलं. पिकल्या केसांचा नवरा म्हणाला, "चहा टाकतो." साऱ्या टॉकीजमध्ये पहिली टाळी मालकांची वाजली. तिच्या पाठोपाठ दुसरी, ती रफिकभाईंची. मग माझी.

मालकांना खरं काय वाटलं? ते रीळ दुसऱ्या सिनेमाचं आहे असं त्यांना खरोखरच वाटलं, की उभं राहता राहता त्यांनी तसं ठरवलं? यावर मी पुष्कळ डोकं चालवलं आणि दर वेळी घोळ वाढत गेला. ऑपरेटरचं गुपित आम्ही नंतर सावंतला सांगितलं. तो आधी नाचला, आपली चिता खरी ठरली म्हणून. मग म्हणाला, "मालकांना सांगायचं?" आणि स्वतःच 'नको' म्हणून मान हलवून गेला.

त्या वर्षी ओट्यावर बक्षिसाचा गुरुवार आला तेव्हा सावंतनेच फुलपात्र उचलून मालकांपुढे ठेवलं. "आपल्या पिक्चरला," म्हणाला. मग जित्याची खोड. "पण मालक, पुण्याहून आला तो अख्खा, की गाळीव?"

"ज्यानं जेवढा बगितला तेवढा," मालक म्हणाले.

त्या सिनेमाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही तो पूर्ण बघाल.

पुढे माझी बदली झाली. ट्रंक घेऊन निघालो त्या दिवशी ओट्यावर एक नवा पोरगेला फिटर खोली मागायला आला होता. मालकांनी त्याला भावलीचा प्रश्न विचारला, तो गडबडला आणि मालक उठले. उपरणं पिशवीसारखं धरलं, ओट्याच्या टोकापर्यंत गेले, वळले. दार उघडलं, ती बघते, हा बघतो.

"आन् ह्यो म्हनतो..." मालक थांबले. लोणावळ्याची गाडी आली होती. सगळे तोंडं उघडी ठेवून उभे. गाडी गेली. "चहा टाकतो!"

आतून आवाज आला, "टाकलाय की."